आत्याच्या हातावरचे तीन ओरखडे

समुद्रावर जाऊन आलेल्या माणसाने समुद्राबद्दल लिहावं अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडे त्याबद्दल फार थोडं आहे. चार दिवसांच्या सहलीत मी समुद्र पाहिला तो एकूण दोन-अडीच तास, आणि त्यातही बराच वेळ माझी पाठ त्याच्याकडे होती. बाकीचा वेळ मी माझ्या सख्ख्या आत्याशी भांडत होते.

आम्ही तिघं गेलो होतो. बाबा त्याच महिन्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. "सारी जिंदगी कालव्याचं पानी मोजलं, समुद्र काई पाह्यला नाई," असं ते निरोप समारंभात बोलून गेले आणि मग घरी रोज बोलू लागले. आत्या त्यांची मोठी बहीण. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या जवळ, एकटी राहते. तिनेही समुद्र पाहिलेला नव्हता. आईला शाळेतून सुट्टी मिळेना, म्हणून बाबा, आत्या आणि दोघांना सांभाळायला मी. अमरावतीहून आम्ही दोघं रेल्वेत बसलो, अकोल्याला आत्या चढली. हातात दोन पिशव्या. एकीत कपडे, दुसरीत फुटाणे.

"एवढे फुटाणे कायले घेतले, आत्या?"

"शनिवार येते नं मधात."

तेव्हाच ती पिशवी खिडकीतून बाहेर टाकायला हवी होती. पण मी शहाणपणा केला, गप्प बसले.

आता माझं सांगते. मी आणि माझे तीन मित्र मिळून तीन वर्षांपासून एक काम करतो. परतवाड्याच्या स्टँडबाहेर उभं राहतो आणि चिखलदऱ्याला वर जाणाऱ्या गाड्यांना एक पत्रक देतो. घाटातल्या वानरांना खाऊ घालू नका, एवढंच त्याचं म्हणणं. गाडी थांबते, काच खाली होते, वेफरचं पाकीट बाहेर येतं, वानर रस्त्यावर उतरतं, मागून येणारी गाडी त्याला उडवते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, पिल्लू पोटाला असलेल्या मादीच्या बाबतीत पाहिलं आहे. पत्रक मी लिहिते. अकरा मुद्दे, छोटी वाक्यं, मोठा टाइप. पहिल्या वर्षी स्टँडजवळच्या फुटाणेवाल्याने आमच्याच पत्रकांचे पुडे केले आणि त्यात वानरांसाठी फुटाणे विकले. मी भांडायला गेले तर म्हणतो, "कागद मजबूत हाये ताई तुमचा. आनखी असन तं द्या." अशा माणसांत काम करायचं म्हटलं की आवाज आपोआप चढतो. माझा चढला तो उतरलाच नाही.

आणि घरात आत्या. दर शनिवारी तिच्या घराच्या टिनाच्या छपरावर नदीकाठच्या झाडांवरून वानरांची टोळी येते. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, आपली वऱ्हाडातली वानरं. आत्या आंघोळ करून, ओल्या केसांनी अंगणात उभी राहते. उजव्या तळव्यावर पोळीचा तुकडा आणि फुटाणे ठेवते, डावा हात छातीशी नेते, आणि समोरच्या वानराच्या डोळ्यात डोळे घालून म्हणते, "घे बापा." डोळ्यात पाहिल्याशिवाय नमस्कार पोचत नाही असं तिचं मत. वानर उतरतं, तिच्या तळव्यावरून एकेक फुटाणा वेचून घेतं. इतक्या वर्षांत एकदाही नख लागलेलं नाही. मी तिला कितीदा सांगितलं. ती "हाव", म्हणजे हो, म्हणायची. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

कोकणातलं ते गाव लहान होतं. किनाऱ्याला लागून सुरूचं बन, त्याच्या मागे नारळाची वाडी, वाडीत आमची राहण्याची खोली. घरमालकीण पन्नाशीची, काटक बाई. चहा द्यायच्या आधी तिने ताकीद दिली. "खिडकी उघडी टाकू नका. खायचं बाहेर ठेवू नका. माकडं आहेत. आमचे नारळ, आंबे, काही ठेवत नाहीत मेली. आणि तुमच्यासारखी लोकं त्यांना वेफर चारतात."

"आम्ही नाही चारणार," मी म्हटलं. फार ठासून म्हटलं. पुढे दोन दिवस ते वाक्य माझ्या कानात वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाटेची वाट पाहत उभे राहिले, जसे कालव्याच्या दारावर उभे राहायचे. आत्या वाळूवर बसली. इतकं पाणी पाहून ती म्हणाली, "एवढ्या पान्याचं करतेत काय हे लोक?" बाबा हसले. मीही हसले. तेवढी पंधरा मिनिटं खरी सहल झाली.

मग बनातून माकडं आली. आपली वानरं नव्हेत ही. बुटकी, फिकट तोंडाची, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. सात-आठ असतील. आणि लगेच एक कुटुंब मोबाइल घेऊन पुढे. बाप वेफर फेकतोय, आई व्हिडिओ काढतेय, पोरगी किंचाळतेय. माझं डोकं सणकलं. मी गेले.

"दादा, हे बंद करा."

"तुमचं काय जातंय, मॅडम?"

काय जातंय ते मी सांगितलं. अकराच्या अकरा मुद्दे सांगितले. चांगली दहा मिनिटं. तो माणूस चिडला, बायको म्हणाली जाऊ द्या हो, पोरीने माझाच व्हिडिओ काढला. शेवटी ते निघून गेले. जिंकल्याच्या तोऱ्यात मी परत फिरले तर आत्या उठून उभी होती, उजवा हात पदरात.

"चाल, घरी जाऊ. ऊन लागून राह्यलं."

"आत्ताच तर आलो."

"चाल म्हनलं नं."

बाबा चपला शोधायला लागले. मला वाटलं, थकली असेल.

त्या रात्री जेवताना आत्याने चमचा मागितला. भात डाव्या हाताने, चमच्याने खाल्ला. माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात चमच्याने भात खाल्लेला नाही. आणि मला काय वाटलं असेल? वाटलं, परक्या घरी रीत सांभाळतेय. मी तेव्हा मोबाइलवर त्या वेफरवाल्या कुटुंबावर रागाची पोस्ट लिहीत होते.

रविवारी सकाळी पुन्हा किनाऱ्यावर गेलो. बाबांनी पाण्यात बसकण मारली. आत्या काठावर उभी, हात पदरातच. मी फोटो काढायला म्हणून तिचा हात धरून ओढला. हात पिवळा होता. हळद आणि चुना थापलेला. मनगटापासून अंगठ्याच्या बुडापर्यंत, त्या लेपाखाली, तीन लाल रेघा.

"हे काय आहे?"

"थे सुरूच्या झाडाले घासलं."

"झाडाले तीन नखं रायतेत काय, आत्या?"

ती समुद्राकडे पाहायला लागली. मी बाबांकडे पाहिलं. बाबा पाण्यात बसल्या बसल्या खाली पाहायला लागले. म्हणजे त्यांना माहीत होतं.

काल, मी त्या कुटुंबाला शहाणं करत होते तेव्हा, माझ्या मागे वीस पावलांवर आत्याने फुटाण्याची पुडी काढली होती. शनिवार, समोर मारुती, तिला वाटलं समुद्रावरही आपला नेम चुकू नये म्हणून तो आला. तळवा पुढे केला, डावा हात छातीशी नेला, आणि त्याच्या डोळ्यात डोळे घातले. आपल्या टिनावरच्या वानरांना तिच्या नजरेची सवय आहे. या माकडाने ती नजर म्हणजे भांडणाचं आमंत्रण समजलं. दात दाखवले. आत्याला वाटलं, हसलं. तिने हात आणखी पुढे केला.

"ताईनं सांगतलं, तुले सांगू नोको म्हून," बाबा म्हणाले.

"तुम्ही लहान आहात का, बाबा?"

"थे मोठी हाये नं माह्यापेक्षा."

वाडीतल्या नळाखाली मी तिचा हात साबण लावून धुतला. पंधरा मिनिटं धुवायचा असतो, घड्याळ लावून धुतला. हळद निघाली, चुना निघाला. एका रेघेतून पुन्हा रक्त आलं. तिने धुवू दिलं. मग मी म्हटलं, चल आता, सरकारी दवाखान्यात जाऊ, इंजेक्शन घ्यायचं.

"नाई घेत."

"आत्या, माकडाचं नख लागलं, रक्त आलं, एक दिवस वाया गेला आहे."

"मारुतीचं नख हाये थे. त्यानं काई होत नाई."

मग मी सुरू झाले. रेबीज कसा होतो, लक्षणं दिसायला लागली की कोणताही डॉक्टर काही करू शकत नाही, देव आणि जनावर यात फरक काय, आपल्या लोकांच्या डोक्यात काय भरलं आहे. चांगलं मुद्देसूद बोलले. माझी बाजू शंभर टक्के बरोबर होती, आजही आहे. आत्या ओसरीवर बसून बाबांचा ओला टॉवेल पिळत होती. एकदाचा पिळून झाला, तरी पिळत राहिली.

"घरी जाऊन पाहू नं," बाबा मधे म्हणाले. "दोन दिवसच तं राह्यले."

"दोन दिवस!" मी ओरडले. वाडीच्या पलीकडल्या घरातून कोणीतरी डोकावलं.

आत्या म्हणाली, "तू मले पत्रक नोको वाचून दाखवू. मी काई परतवाड्याच्या स्टँडावर उभी नाई."

"मग काय करू? पाया पडू तुझ्या?"

"गप बस. तेवढं केलं तरी भल्लं होईन."

मी गप्प बसले नाही. अर्धा तास, पाऊण तास. बाबांनी आधी मला समजावलं, मग तिला, मग कोणालाच नाही. ती एकेका मुद्द्याला "हाव" म्हणत होती आणि जागची हलत नव्हती. त्या "हाव"ने माझं उरलंसुरलं भान गेलं. मी म्हटलं, "ठीक आहे. पाणी पाहून घाबरशील, तोंडातून फेस येईल, तेव्हा बोलाव तुझ्या मारुतीला."

असं मी बोलले. माझ्या आत्याला, जिच्याकडे मी दरवर्षी दिवाळीच्या सुट्ट्या काढल्या, तिला. ती उठली, खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

ओसरीवर मी आणि बाबा. बाबा म्हणाले, "काहून असं बोलतं तू?" माझ्याकडे राग होता, आणि रागाखाली भीती. वेळ जात होता. दाराला कडी होती आणि आत एक बाई होती जिच्या हातातून काल रक्त आलं होतं. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. "नोको मले कोनी," एवढं ऐकू आलं.

घरमालकीण इतका वेळ स्वयंपाकघरातून ऐकत असणार. ती हात पुसत आली, मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि दाराला तोंड लावून विचारलं, "काकू, सुईची भीती वाटते का हो?"

आतून आत्याचा आवाज आला, लहान झालेला. "पोटात चौदा मारतेत नं."

"पोटात? ते कधीचं! आता दंडावर देतात. मला दोनदा घ्यावी लागली, नारळ राखताना माकडाने ओरबाडलं होतं. उघडा, दाखवते."

कडी निघाली. बाईने ब्लाउजची बाही वर करून दंड दाखवला. दंडावर काहीच नव्हतं, आणि दाखवायचं तेच होतं. आत्या वाकून, अगदी जवळून पाहत राहिली.

"चौदा नाई?"

"चार. आणि जखमेत एक वेगळी."

मग ते बाहेर आलं. बाबा पाच-सहा वर्षांचे असताना गावात पिसाळलेलं कुत्रं त्यांना चावलं होतं. रोज बैलगाडीने तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे. पोटात चौदा सुया, चौदा दिवस. आजी हात धरायची. आत्या तेव्हा दहा-अकराची. तिला पाय धरायला लावायचे.

"मी तं इसरलोच होतो थे," बाबा म्हणाले.

"तू इसरला. पाय मी धरले होते तुहे."

मारुती खरा होता, ती खोटं बोलत नव्हती. पण मारुती पुढे उभा होता आणि मागे ते चौदा दिवस होते, आणि मी सकाळपासून मारुतीशीच लढत होते. मी तिला सगळं सांगितलं होतं. इंजेक्शन कुठे देतात एवढं मात्र सांगितलं नव्हतं. ते माझ्या मुद्द्यांत नव्हतं. तुला कशाची भीती वाटते, असं विचारायला माझं तोंड मोकळंच नव्हतं.

पुढे तो दिवस जसा जायचा तसा गेला. गावच्या दवाखान्यात लस होती, जखमेत द्यायचं औषध नव्हतं. त्यासाठी मोठ्या दवाखान्यात जा. रविवारी एस.टी. कमी. ज्या किनाऱ्यावर माणसं माकडं पाहायला येतात, तिथे माकडाच्या जखमेचं औषध असू नये? मी तिथल्या नर्सला हे विचारलंच. ती बिचारी एकटी होती. "मी मागणी रोज लिहिते, ताई," म्हणाली. जीप करून मोठ्या दवाखान्यात पोचेस्तोवर दुपार कलली होती. तिथल्या डॉक्टरने विचारलं, कधी लागलं? काल सकाळी, मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर शिकलेल्या दिसता." मी काय सांगणार त्याला? पत्रक दाखवणार?

जखमेतलं इंजेक्शन खरंच दुखतं. आत्याने बाबांचं मनगट असं धरलं की त्यांच्या हातावर वळ उठला. ओरडली मात्र नाही. बाहेर आल्यावर बाबांनी हळूच विचारलं, "लय दुखलं काय, ताई?"

"तुह्यावानी नाई रडली मी," ती म्हणाली. बस. माझ्याशी एक शब्द नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी, बाबा मधे, मी कडेला. सहल संपली.

पुढची इंजेक्शनं तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. तिसऱ्या दिवसाचं आम्ही तिला अमरावतीला आमच्याकडे ठेवून देववलं. मग ती अकोल्याला गेली. सातव्या दिवशी मी सकाळपासून चार फोन केले. चौथ्याला ती म्हणाली, "तू फोन नोको करू. घेतलं की मी सांगीन तुले."

अठ्ठाविसावा दिवस रविवार. मी फोन केला नाही. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. तिचाही आला नाही. शेवटचं इंजेक्शन लोक सोडून देतात, जखम भरलेली असते, काही दुखत नसतं, मला हे माहीत आहे. फोन उचलला आणि ठेवला, किती वेळा ते सांगत नाही. साडेअकराला मी बडनेऱ्याहून गाडी पकडली. का जातेय, आई विचारत होती.

आत्याच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "सकायीच गेल्या, दवाखान्यात."

सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात, बाकावर, ती बसलेली होती. मांडीवर कार्ड. सकाळी नऊपासून. मला पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"तू काहून आली?"

"असंच."

"शिशी फोडत नाई थे. आनखी दोघं आले पायजे म्हनते."

माझं डोकं पुन्हा सणकलं. म्हातारी बाई चार तास बाकावर, आणि हे माणसं जमायची वाट पाहतात? वाया जाऊ नये म्हणून, मान्य, एका शिशीत चार-पाच जणांचं होतं. पण मग सकाळीच सांगायचं होतं की बाराला या. मी उठले. खिडकीतल्या माणसाला विचारायचं म्हणून दोन पावलं टाकलीही. मागून माझी ओढणी ओढली गेली.

"बस खाली."

"आत्या, ही काय पद्धत आहे?"

"बस म्हनलं. थो बी एकटाच हाये तठी. तू भांडशीन, थो जेवाले निंगून जाईन."

मी बसले. माझ्या आयुष्यात अन्यायासमोर बसून राहण्याचे प्रसंग फार नाहीत, आणि मला ते जमतही नाही. पाय हलत होता. आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पाय थांबवायला. तोच हात. तीन रेघा फिक्या होऊन गेल्या होत्या, नीट पाहिल्याशिवाय दिसत नव्हत्या. दीड वाजता कुत्रं चावलेला एक माणूस लंगडत आला. दोनला एक बाई आली, मांजराने ओरबाडलेली. शिशी फुटली.

आत्या आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. कार्डावरचा शेवटचा रकाना भरला होता. तिने कार्ड माझ्या हातात दिलं, मी वाचलं, तिने परत घेतलं.

"झालं," ती म्हणाली. "चाल, जेवू. सकायपासून चहावर हाओ मी."

तिने मला बरोबर होतीस म्हटलं नाही. मी त्या फेसाच्या वाक्याची माफी मागितली नाही. मागायला हवी होती. तिच्या घरी वरण-भात खाताना दोन-तीनदा ओठावर आली आणि दरवेळी तिच्यामागोमाग एक मुद्दाही आला, म्हणून मी दोन्ही गिळले.

शनिवारी ती आता अंगणात काय करते ते मला माहीत नाही. फुटाण्याचा डबा फडताळात होता, भरलेला की रिकामा ते मी उघडून पाहिलं नाही. विचारावं असं रोज वाटतं. विचारलं तर ती खरं सांगेल की "हाव" म्हणून मोकळी होईल, ते मी कसं विचारते यावर आहे. आणि माझ्या तोंडाचा मला अजून भरवसा नाही.